बेचाळीस नंबरची जागा

आमचं कॉलेज ज्या माळावर उभं आहे, त्याच्या मैदानातून साताऱ्याची आणि सांगलीची हद्द जाते. गोलंदाज सांगलीतून पळत येतो आणि फलंदाज साताऱ्यात बाद होतो. ह्याचं इथं कुणाला काही वाटत नाही. मुलं दोन्ही बाजूंनी येतात, शिकतात, कुणी फौजेत जातं, कुणी पुण्याला, कुणी घरचा ऊस बघतं, आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सगळी परत येऊन कॉलेजच्या दगडी पायऱ्यांवर उभी राहतात. त्याला पायरीचा फोटो म्हणायचं. दुसरी कसलीच परंपरा ह्या कॉलेजला नाही, म्हणून ही एक फार काटेकोर पाळतात.

नियम दोनच. एकेका वर्षाच्या तुकडीनं पाळीपाळीनं चढायचं आणि हजेरीपटावरच्या नंबरानं ओळीत उभं राहायचं, हा पहिला. पदवी पास झालेल्यानंच चढायचं, हा दुसरा. नापासानं यावं, शिरा खावा, भाषण ऐकावं, पण पायरीखाली थांबावं.

हे नियम राखायचं काम शिपाई दादासो पवार करायचा. कुठल्या साली कोण कशात गेला हे त्याला तोंडपाठ. हजेरीपट काखेत घेऊन तो नंबर पुकारायचा, सगळे उभे राहिले की कॉलेजच्या कॅमेऱ्यानं स्वतः फोटो काढायचा. त्यानं सरपंचाला पायरीवरून उतरवलं होतं. संस्थेच्या एका संचालकाच्या जावयाला उतरवलं होतं. आणि अठ्ठ्याऐंशीच्या तुकडीतल्या रामगोंडा पाटलाला तर तो दर वर्षी न चुकता उतरवायचा. रामगोंडा सांगलीकडचा, हळद आणि ऊस पिकवणारा मोठा बागायतदार. कॉलेजची पाण्याची टाकी त्यानं बांधून दिली, टाकीवर त्याचं नाव हातभर मोठ्या अक्षरात आहे. पण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला सक्तीच्या इंग्रजीत एकतीस मार्क. पास व्हायला पस्तीस लागायचे. दादासो म्हणायचा, "रामगोंडा, तू खाली." रामगोंडा "बरं" म्हणून शिऱ्याच्या पातेल्याकडं जायचा.

आता खरी गोम सांगतो. त्याच साली, त्याच पेपरात दादासोला तेहतीस मार्क पडले होते.

निकाल दोघांनी एकत्रच पाहिला होता, फळ्याजवळ उभं राहून. तेव्हा प्राचार्य म्हणाले, ऑक्टोबरपर्यंत शिपायाच्या जागेवर ये, पेपर दे, मग बघू. दादासो आला. ऑक्टोबरात स्नेहसंमेलन होतं, मांडव कोण घालणार? मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा होत्या, वर्गात पाणी कोण देणार? पुढच्या ऑक्टोबरात घंटेचा खांब पडला. अशी अडतीस वर्षं गेली. लोक म्हणायला लागले, आमच्याकडं शिपाईसुद्धा बी.ए. आहे. दादासोनं कधी 'मी पास झालो' असं म्हटलं नाही. नाही झालो, असंही म्हटलं नाही. म्हसवडहून चंद्राबाईचं स्थळ आलं तेव्हा मध्यस्थानं मुलगा बी.ए. म्हणून सांगितलं, हा गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्यावर लग्न होऊन दोन पोरं झाली.

पण एक गोष्ट त्यानं कधी केली नाही. तो स्वतः पायरीवर चढला नाही. कॅमेरा त्याच्या हातात असायचा, त्यामुळं कुणी विचारलंही नाही.

यंदा मे महिन्यात दादासो निवृत्त होणार. प्राचार्या राजेश्वरी मॅडम ह्याच कॉलेजच्या. त्यांचा प्रवेशाचा फॉर्म दादासोनंच भरून दिला होता. डिसेंबरात त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"मामा, यंदा तुम्ही तुमच्या तुकडीबरोबर पायरीवर. फोटोग्राफर सांगलीहून सांगितलाय. फेब्रुवारीत नॅकची समिती कॉलेजचा दर्जा तपासायला येतीय, माजी विद्यार्थ्यांच्या फायलीला पहिला फोटो तुमचाच लावणार."

"मॅडम, माझा गुडघा."

"तीनच पायऱ्या आहेत."

"उन्हात डोळं मिटत्यात माझं."

"मग गॉगल लावा."

दादासो बाहेर आला आणि वेळ झालेली नसताना घंटा देऊन बसला. पोरं वर्गातून बाहेर आली, त्यांना परत आत घालावं लागलं.

महिनाभर त्याला नीट झोप नव्हती. चढायला काय, चढता आलं असतं. कुणी तपासणार नव्हतं. तपासणारा तो एकटाच होता आणि त्याला सगळं माहीत होतं. शिवाय रामगोंडा खाली उभा असणार, हातात शिऱ्याची प्लेट घेऊन. दोन मार्कांनी आपण त्याच्यापेक्षा कमी नापास आहोत, असंही दादासोनं स्वतःला सांगून बघितलं. पण अडतीस वर्षं हाच हिशेब त्यानं लोकांचा मान्य केला नव्हता.

सव्वीस तारखेला चंद्राबाई नवं लुगडं नेसून आली, वर म्हसवडच्या बहिणीलाही घेऊन आली. "आमच्या ह्यांचा फोटू फायलीत जाणार हाय," ती दिसेल त्याला सांगत होती. झेंडावंदन झालं. तुकड्या चढल्या, उतरल्या. फोटो सांगलीचा फोटोग्राफर काढत होता, त्यामुळं दादासोला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. अठ्ठ्याऐंशीची पाळी आली. सुभेदार लालासाहेब माने पहिले चढले. पाटणचा हा माणूस अठ्ठावीस वर्षं फौजेत होता, तो पायरीवर उभा राहिला तरी पहाऱ्यावर असल्यागत दिसतो. त्याच्यामागून रामगोंडा चढायला लागला.

"रामगोंडा, तू खाली," दादासो सवयीनं म्हणाला.

"आज न्हाई," म्हणून रामगोंडानं पिशवीतून कागद काढला.

ते गुणपत्रक होतं. दादासोनं ते पुरं वाचलं. नाव, बैठक क्रमांक, साल. शिक्का उन्हात धरून बघितला. सक्तीचं इंग्रजी, अडतीस.

"कवा बसलास?"

"गेल्या ऑक्टोबरात. जुन्या नापासांस्नी विद्यापीठानं जादा संधी दिलीया. माझ्या शेजारी पोरगं बसलेलं, मला आजोबा म्हणून पेन मागाय लागलं."

"साठीला येऊन कशाला रं पण?"

"पायरीवर हुबं ऱ्हायचं हुतं. तू सोडतुयास व्हय तसा?"

दादासोनं कागदाची घडी जशी होती तशी घालून परत दिली. "चढ. रोल नंबर एक्केचाळीस." त्याला मनापासून आनंद झाला. आणि मग ध्यानात आलं, त्या तुकडीतला नापास असा पायरीखाली आता तो एकटाच उरला होता.

मॅडमनी माईक घेतला. "आणि आता, रोल नंबर बेचाळीस, आपले दादासो मामा." टाळ्या झाल्या. चंद्राबाईच्या बहिणीनं मोबाईल वर धरला.

दादासो पायरीशी गेला. एक पाय वर ठेवला. वर रामगोंडा उभा होता. त्यानं दादासोकडं बघितलं आणि मान फिरवून झेंड्याच्या खांबाकडं बघत राहिला, आपल्याला काही ठाऊकच नसल्यासारखा. त्यानं रोखून बघितलं असतं तर दादासो एखाद्या वेळेस चढलाही असता. दादासोनं पाय खाली घेतला.

"मॅडम, मी पास न्हाई," तो म्हणाला. नंबर पुकारायच्या आवाजात म्हणाला, त्यामुळं मागच्या खुर्चीपर्यंत गेलं. "इंग्रजीत तेहतीस. दोन मार्क कमी."

शिरा वाढणारा वाढायचा थांबला.

"म्हंजे अडतीस वर्षं," लालासाहेब सावकाश म्हणाले, "आमी नापास माणसाकडनं तपासून घेतलं?"

"व्हय सुभेदार."

लालासाहेबांनी जरा विचार केला. "तपासणीत कवा चूक झाली?"

"न्हाई."

"मग त्याबद्दल तक्रार न्हाई."

"मामा, राहू दे तो नियम," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला झाला होता. "आज तरी या वर."

"मॅडम," लालासाहेब म्हणाले, "नियम हाय."

"सुभेदार बरोबर बोलत्यात," दादासो म्हणाला.

तेवढ्यात चंद्राबाई खुर्चीवरून उठून आली. दादासोनं झेंडावंदनाला उभं राहावं तसे हात खाली सोडले. छत्तीस वर्षांच्या संसारात तो तिला इतका कधी भ्याला नव्हता.

"कशात म्हणालासा?" तिनं विचारलं.

"इंग्रजीत."

"व्हय? मला वाटलं मराठीत." ती बहिणीकडं वळली. "ते बंद कर गं. फोटू पुढच्या साली हाय." आणि ती परत जाऊन बसली. तिचे कान मात्र लाल झाले होते, आणि घरी गेल्यावर काय ऐकावं लागणार ते दादासोला कळलं.

पायरीवर हालचाल झाली. रामगोंडा शेजारच्या त्रेचाळीस नंबरच्या प्रभावतीबाईंना सांगत होता, "जरा सरका वहिनी. एक माणूस मावंल एवढी जागा सोडा." मग खाली बघून म्हणाला, "मार्चला आणि एक संधी हाय. शेवटची. फॉर्म गाडीत हाय तुझा, गाईड पण हाय. खुणा केल्यात मी. खरं निबंधाच्या खुणा बघू नगंस, त्यातलं काय आलं न्हाई."

"माझा फॉर्म तू कशाला आणलास?"

"मग काय एकट्यानं हुबं ऱ्हाऊ?"

दादासो पायरीच्या आणखी जवळ गेला. "रामगोंडा, तुला पैल्यापास्नं ठावं हुतं. दर साली तुला उतरवलं मी. एकदा तरी बोलायचास गड्या."

"बोलणार हुतो. पैल्या साली तोंडावर आलं हुतं," रामगोंडा म्हणाला. "खरं तू सोता कवा चढला न्हाईस. मग काय बोलायचं?"

दादासोनं सांगलीच्या फोटोग्राफरकडं हात केला. "द्या तो कॅमेरा इकडं." फोटोग्राफरनं मुकाट्यानं दिला. दादासोनं डोळा लावला. एक्केचाळीस, मग मोकळी पायरी, मग त्रेचाळीस. तो रडत होता, पण कॅमेऱ्यामागं ते कुणाला दिसलं नाही. फोटो मात्र जरासा हलला.

फेब्रुवारीत समिती आली. तिघंजण होते. माजी विद्यार्थ्यांची फाईल उघडली तर पहिलाच फोटो हललेला, आणि ओळीच्या मधे भलंमोठं भगदाड.

"इथं कुणी तरी राहिलंय," अध्यक्ष म्हणाले.

"राहिलेलं नाही," राजेश्वरी मॅडम म्हणाल्या. "ती जागा भरलेली आहे. विद्यार्थी मार्चच्या परीक्षेला बसतोय."

"कोण आहे विद्यार्थी?"

मॅडमनी चहा ठेवणाऱ्या माणसाकडं बोट केलं. त्याच्या खिशातून गाईडचा कोपरा बाहेर आला होता. अध्यक्षांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"अभ्यास कुठवर आलाय?" त्यांनी विचारलं.

"बाकी सगळं झालंय सर," दादासो कपबशी सरळ करत म्हणाला. "निबंध ऱ्हायलाय तेवढा."