सोपा प्रश्न आला की

अँब्युलन्सवर काम करायचं तर संगणकावर परीक्षा द्यावी लागते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. आमच्या नेब्रास्कातल्या गावात तिची तयारी मी करून घेतो. वर्गात हशा पिकावा म्हणून दरवर्षी एकच वाक्य फेकतो, "सोपा प्रश्न आला की गाशा गुंडाळा!"

मार्ला ह्रुस्का परीक्षेहून थेट माझ्याकडे आली. हातात वाटेतल्या बेकरीतून घेतलेला कोलाच्यांचा, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, डबा.

"अगं, एवढ्यात झाली?"

"अर्ध्यातच उठले, वेंडेल. सगळे भयंकर अवघड प्रश्न, आणि मग एकदम आला, बेशुद्ध माणसाजवळ जाण्याआधी काय बघाल?"

जागा सुरक्षित आहे का, ते. हे ती झोपेतही सांगेल.

"म्हटलं, संपलं आपलं."

काही प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी नुसते पारखून बघायला घातलेले असतात, त्यांना गुणच नसतात. तो त्यातलाच असेल. मला हे ठाऊक होतं. पण वर्गात सांगितलं असतं तर माझा विनोद फसला असता ना!

"बरं झालं तुम्ही आधीच सांगितलंत," मार्ला म्हणाली, "नाहीतर वेड्यासारखी शेवटपर्यंत बसले असते. घ्या ना, गरम आहेत."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि त्यात कोलाचा कोंबला.