बाळंतिणीच्या वाट्याची बाज

मित्रांनो, अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथल्या एका मातीच्या ओसरीत मी उभी असते. मी बाज आहे. तुमच्या घरी आता पलंग असतील, दिवाण असतील. म्हणून सांगते, चार पाय, चार लाकडे आणि मध्ये विणलेली दोरी, एवढाच माझा देह. तरुण मुलामुलींनो, तुमच्यापैकी कुणी उद्या लांबच्या खेड्यात काम करायला जाणार असाल, तर माझी गोष्ट ऐकून जा. ती सांगताना मला लाज वाटते. पण न सांगता राहिले तर ती लाज कमी होणार नाही.

वामनराव माझे मालक. भाजीपाला पिकवतात, वांगी आणि मिरची. शेताच्या बांधावरची बाभूळ पडली, तिचे लाकूड सुताराकडून तासून घेऊन त्यांनी माझा सांगाडा केला. मग घरच्याच अंबाडीची दोरी वळून स्वतःच्या हातांनी मला विणले. माझ्यावर पहिल्यांदा झोपली ती त्यांची बायको पार्बताबाई, आणि तिच्या कुशीत त्यांची नुकती जन्मलेली मुलगी प्रणाली. आमच्या भागात बाज आणि बाळंतीण वेगळी करता येत नाही. खाली शेगडीत निखारे, वर बाळंतीण, तिच्या पोटाशी बाळ. त्या दिवसांत माझ्या दोऱ्यांना ओव्याच्या धुरीचा वास लागला होता.

पुढे मी खूप कामे केली. उन्हाळ्यात माझ्यावर कुरडया वाळल्या. ढेकूण झाले तेव्हा माझ्या अंगावर उकळते पाणीही ओतले गेले. त्याचा मला राग नाही. दोरी सैल झाली की वामनराव पायथ्याशी पाय रोवून ती ओढून घट्ट करत. घरात दुसरी बाज नव्हती. जो आजारी असेल, जो थकलेला असेल, त्याला मी, असा न बोललेला नियम होता.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात जुईली आली. अकोल्याच्या जठारपेठेतली, शिक्षकांची मुलगी. एका संस्थेतर्फे ती दोन महिने गावात राहणार होती. तान्ह्या बाळांची काळजी कशी घ्यावी, हे बायकांना सांगणे तिचे काम. मोठी गोड मुलगी. पहिल्याच सकाळी वामनरावांनी तिला सांगितले, "बूट झटकून घालत जा पोरी, इच्चू बसला राह्यते." तेव्हापासून ती रोज बूट झटकून घाली. पाणी उकळून पिई, स्वतःचे ताट स्वतः घाशी, आणि गावातल्या प्रत्येक बाईला तिच्या नावाने हाक मारी. या सगळ्या गोष्टी चांगल्या. तुम्हीही करा.

आली त्या संध्याकाळी पार्बताबाईने माझ्यावर धुतलेली गोधडी अंथरली.

"नको मावशी, मी खाली झोपेन," जुईली म्हणाली.

"अव माय! शहरातल्या लेकी का खाली निजतात? पान्याचे दिवस हायेत. तुमी बसा बरं."

"पण मावशी..."

"बसता का मी नाराज होऊ?"

घरातले लोक प्रेमाने देतील ते नाकारू नका, त्यांचे मन दुखते, असे जुईलीला संस्थेत शिकवले होते. ती बसली. माझी वीण हाताने चाचपून म्हणाली, "काय सुरेख विणली आहे!" तिने माझा फोटोसुद्धा काढला. खरे सांगते मित्रांनो, मी फुगून गेले. मला आजवर कुणी सुरेख म्हटले नव्हते.

भाद्रपदात प्रणाली बाळंतपणासाठी माहेरी आली. तालुक्याच्या दवाखान्यात तिला मुलगा झाला. ती बाळाला घेऊन घरी परतली त्या दिवशी जुईली दुसऱ्या वस्तीवर गेली होती. पार्बताबाई ओसरीत माझ्यापाशी येऊन थांबली. माझ्यावर जुईलीची पिशवी होती, तिची उशी होती. पार्बताबाईने मला हात लावला, आणि मग आतल्या खोलीत जाऊन जमिनीवर पोती अंथरली, त्यांवर गोधडी घातली.

वामनराव म्हणाले, "बाज आत घे ना. पोरगी खाली हाय."

"अन् म्याडमले काय सांगू? उठा म्हणू? आपल्या गावासाठी घरदार सोडून आल्या त्या. थोड्या दिवसांची तर गोठ हाय."

"राहू द्या ना बाबा," आतून प्रणाली हसून म्हणाली. "मी का मिठाची हाओ, इरघळून जायाले?"

जुईली संध्याकाळी आली. उंबऱ्यातूनच बाळाला पाहून आनंदली. आतली खोली अंधारी. पण खाली अंथरलेली पोती तिला दिसली. तिला नवल वाटले, पण तिने विचारले नाही. रात्री जेवायच्या आधी ती माझ्या कडेला बसून आईशी फोनवर बोलत होती, कारण रेंज फक्त ओसरीच्या त्या कोपऱ्यातच मिळे. "आई, इथे बाळंतिणी जमिनीवरच झोपतात गं. पद्धत असेल त्यांची. आपण एकदम नावं ठेवू नयेत."

पद्धत! मी तेव्हा जोराने करकरले. तिला वाटले दोरी सैल झाली. ती जरा सरकून बसली. माझ्याकडे आवाज तेवढाच होता. पार्बताबाईला वाटत होते, शहरातल्या मुलीला जमिनीवर झोप येणार नाही. जुईलीला वाटत होते, गावातल्या बाईला जमिनीवर सवय असेल. दोघी एकमेकींची काळजी घेत होत्या, आणि पाऊस पडत होता. मातीच्या जमिनीला खालून ओल येत होती. पोती ओली होत होती, गोधडी ओली होत होती. माझ्यावर मात्र सगळे कोरडे होते.

मग काही दिवसांनी जुईलीने अंगणातल्या पडवीत बायकांची बैठक घेतली. तिला बसायला बायकांनी मलाच उचलून नेले. बाळाला ऊब का लागते, हे ती फार छान समजावून सांगत होती. बायका मन लावून ऐकत होत्या. शेवटी ती म्हणाली, "या दिवसांत बाळंतिणीला आणि बाळाला ओल्या जमिनीवर झोपवू नका. घरात बाज असेल तर आधी तिला द्या."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बेबीताईला मात्र पोटात काही ठेवता येत नाही.

"देली असती ना म्याडम," ती म्हणाली. "पन तिच्यावर तर तुमीच बसून राहिल्या."

सगळ्या हसल्या. पार्बताबाई ओरडली, "बेबे, तोंडाले कुलूप लाव!" आणि मग कुणीच हसेना, कारण जुईलीचा चेहरा उतरला होता.

"मावशी," तिने विचारले, "दुसरी बाज नाही घरात?"

पार्बताबाईने मान खाली घातली.

जुईली उठली आणि थेट आतल्या खोलीत गेली. तिने गोधडीवर तळहात टेकला. हात ओला झाला. प्रणाली म्हणाली, "ताई, सकाळपासून पीत नाही व हा. रडतही नाही." जुईलीने बाळाच्या पायांना हात लावला, मग पोटाला. पोटही गार होते.

त्यानंतर ती थांबली नाही. बाळाला तिने प्रणालीच्या उघड्या छातीशी धरायला लावले, डोक्याला टोपी घातली, वरून कोरडी लुगडी गुंडाळली. गावातल्या शेषरावांची जीप रस्त्यावर उभी होती; पण घरापर्यंतच्या चिखलात ती येईना, आणि प्रणालीला चालवेना. तेव्हा वामनराव म्हणाले, "बाज उचला."

अशी ती माझ्यावर आली, मित्रांनो. ती आणि तिच्या छातीशी ते बाळ, वरून प्लास्टिकचे मेणकापड. एवढ्या दिवसांनी माझ्या वाट्याचे ओझे माझ्यावर आले, आणि ते किती हलके होते! ते आधीपासून उचलून धरायला मला काहीच जड गेले नसते. चारांपैकी एक पाय जुईलीच्या खांद्यावर होता. तिचे पाय घसरत होते, ती रडत होती, पण तिने खांदा बदलू दिला नाही.

बाळ वाचले. दवाखान्यातून परतले तेव्हा मी आतल्या खोलीत होते आणि माझ्याखाली शेगडी होती. जुईली ओसरीत फळीवर सतरंजी टाकून झोपू लागली. पार्बताबाई तिला म्हणाली, "मी काहून चूप राहिली व माय? माझीच पोर होती." जुईली म्हणाली, "आणि मी कुठे विचारलं, मावशी?" दोष कुणाचा मोठा, हे मला ठरवता येत नाही. मी सुरेख म्हणवून घेत ओसरीत कोरडी उभी होते, एवढे मला ठाऊक आहे.

म्हणून सांगते मित्रांनो, खेड्यात जाल तेव्हा आपली सतरंजी, आपली मच्छरदाणी सोबत न्या. यजमानांनी दिलेले प्रेमाने घ्या. पण घेण्याआधी ते कुणाच्या खालून काढले आहे, हे पाहा. घरात हिंडून पाहता येत नसेल तर सरळ विचारा. आणि एखादे कष्ट दिसले की त्याला लगेच पद्धत म्हणू नका. ती पद्धत आहे की तुमच्यासाठी केलेली सोय, हे त्या घरातल्या बाईला विचारल्याशिवाय कळत नाही. यजमानांनाही माझी विनंती आहे: पाहुण्यांना सांगत जा. खरे पाहुणे रागावत नाहीत.

प्रणालीचा मुलगा आता घरभर धावायला लागला आहे. आजोळी आला की ओल्या दिवसांत त्याला खोकला होतो. दवाखान्यात म्हणतात, लहान मुलांना होतोच. तो खोकला की माझ्या दोऱ्या आखडतात. परवा तो चमचा घेऊन माझ्या पायावर ठक ठक मारत होता. पार्बताबाई म्हणाली, "नोको मारू रे, बाज तुटन."

मारू दे त्याला. तेवढा त्याचा माझ्यावर हक्क आहे.