नदीपार सोडलेली चिमी

"अहो, चिमीच्या कानात गाठ आलीय. पूसुद्धा येतोय. दाखवायला हवं," संपदा म्हणाली.

तिचा नवरा वासुदेवशास्त्री काशीला दुर्गाघाटावर घरातच यजमानांची श्राद्धं करत. महाराष्ट्रातून आलेली मंडळी मांजराच्या कानाच्या वासाने नाकं मुरडू लागली होती. शास्त्रीबुवांना चिमीपेक्षा त्या नाकांची काळजी! ते लगेच उठले. "गंगेपलीकडे रामनगरला जनावरांच्या डॉक्टर आहेत. मी नेतो."

संध्याकाळी ते रिकामी पिशवी घेऊन परतले. "भरती करून घेतलंय. इलाज सुरू आहे."

संपदाला किती बरं वाटलं! तिने त्यांच्यासाठी शिरा केला. पुढे रोज विचारलं की एकच उत्तर, "सुधारतेय." शेवटी न राहवून ती एकटीच पूल ओलांडून दवाखान्यात गेली.

"ऐसी कोई बिल्ली यहाँ आई ही नहीं," डॉ. सुरुची म्हणाल्या.

संपदाला घरचा शिरा आठवला. तो शिरा हा माणूस किती शांतपणे खात होता!

शोधता शोधता रामनगरच्या काठावर, एका उलट्या नावेखाली तिला चिमी सापडली. मान वाकडी, अंगाची नुसती हाडं. डॉक्टरांनी भूल देऊन गाठ मुळासकट काढली. ती कर्करोगाची नव्हती, पण उशीर झाल्याने त्या कानाचं ऐकणं गेलं. चिमीला घरी आणेपर्यंत संपदा नवऱ्याशी यातलं काहीच बोलली नाही.

चिमीला पाहून शास्त्रीबुवा चपापले. "पाणी ओलांडलं की मांजर परत येत नाही म्हणतात. सगळेच सोडतात गं. मारलं तर नाही ना मी!"

"म्हाताऱ्या आईला काशीत टाकून जाणाऱ्यांना तुम्हीच शिव्या देता ना? तेही हेच म्हणतात, मारलं नाही, गंगेकाठी सोडलं! आणि मला रोज तोंडावर खोटं सांगितलंत. उद्या मी अंथरुणाला खिळले, माझा वास येऊ लागला, तर मला कुठे सोडाल?"

शास्त्रीबुवांचे डोळे भरून आले. "चुकलो मी. यापुढे तिचं औषध मीच घालेन."

वाचकहो, मांजर सारखं डोकं झटकत असेल, कानात गाठ दिसत असेल, तर वेळेवर डॉक्टर गाठा. आजारी जिवाला नजरेआड केल्याने आपली जबाबदारी संपत नाही.

शास्त्रीबुवा थेंबांची बाटली घेऊन पुढे झाले. चिमी संपदाच्या पदराआड दडली.

"बसेल हळूहळू तिचा विश्वास," ते म्हणाले.

"तिचा बसेल," संपदा म्हणाली. "ती मांजर आहे."