डावीकडचा आरसा

प्रतापने ओल्या खडीवर गुडघा टेकला आणि कॅम्परच्या अंगावर ठोकलेली अॅल्युमिनियमची पट्टी मोबाइलच्या उजेडात वाचली. कमाल वजन अठराशे किलो. जाहिरातीतही हेच लिहिलं होतं, पण जाहिरातीवर विश्वास ठेवणाऱ्यांतला प्रताप नव्हता. तोंड पोळल्यावर लोक ताक फुंकून पितात. हा जन्मभर न पोळताच फुंकत आला होता. त्याने आकडा फोनवरच्या तक्त्यात भरला, उठला, आणि डावीकडे उघड्या राहिलेल्या सामानाच्या कप्प्याच्या दारावर त्याचा खांदा आपटला.

"लागलं?" मृदुलाने विचारलं.

"नाही. हे दार कोणी उघडं ठेवलं?"

दार त्यानेच उघडलं होतं, पाच मिनिटांपूर्वी. मृदुलाने दार लावलं आणि नीट लागलंय ना, ते ओढून पाहिलं.

नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावाच्या बाहेर, काचघरांच्या रांगा संपतात तिथे हे वापरलेले कॅम्पर विकायचं आवार होतं. मालक हेन्क साठीचा, निळ्या डगल्यातला. कॉफीचा मग घेऊन तो जरा लांब उभा होता. गिऱ्हाइकाच्या मागे मागे फिरायची त्याला सवय नसावी. नवराबायको आइंडहोवनहून सकाळीच निघाले होते आणि गाडी मृदुलाने चालवली होती. "परतताना रॉटरडॅमला थांबून कढीपत्ता घ्यायचाय, तिथलं पार्किंग मला माहितीये," असं म्हणून किल्ली तिनेच उचलली. अलीकडे किल्ली बहुतेक वेळा तीच उचलायची, आणि दर वेळी कारण असंच साधं असायचं.

गाडीने ओढायच्या फिरत्या घरांपैकी त्यांनी पाहिलेला हा बारावा कॅम्पर. साधा कॅरव्हॅन गाडीच्या मागे हुकाला लटकतो आणि महामार्गावर वारा सुटला की शेपूट हलवतो. हा प्रकार वेगळा. याची मान पुढे निघालेली असते आणि ती पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर येऊन बसते. झोपायची जागा त्या मानेत, दोन पायऱ्या चढून. ओढणारी गाडी आणि कॅम्पर मग एका जिवाने चालतात. तीन वर्षांपूर्वी प्रतापने हे पहिल्यांदा वाचलं आणि त्याला वेड लागलं. चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत वीस वर्षं काढताना त्याने युरोप पाहिला होता तो विमानतळांच्या आणि क्लीनरूमच्या काचांतून. आता सप्टेंबरपासून वर्षभराची रजा मंजूर झाली होती. आधी वर नॉर्वेच्या टोकापर्यंत, मग थंडीच्या पुढे पुढे पळत खाली पोर्तुगालपर्यंत, असा बेत होता.

बेतासाठी तक्ता होता. तो दोघांच्या फोनवर उघडायचा आणि त्यात घरातली प्रत्येक वस्तू बाथरूममधल्या काट्यावर चढून आली होती. कुकर साडेतीन किलो. पोळपाट-लाटणं दीड. पाण्याची टाकी भरलेली साठ. मृदुला एकसष्ट, प्रताप एकोणऐंशी. वाखनिंगनला शिकणाऱ्या भार्गवीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, एकदा तक्ता उघडून पाहिला आणि फोन केला. "बाबा, सीरियसली, यू वेड द पोळपाट?" त्यावर प्रतापने तिला दीड किलो म्हणजे डोंगरचढणीवर काय असतं ते वीस मिनिटं समजावून सांगितलं होतं.

एक रकाना मात्र रिकामा होता. पिकअप आणि कॅम्पर मिळून पावणेपाच टन. तेवढं ओढायचं तर साधा परवाना पुरत नाही, वर बी-ईची परीक्षा द्यावी लागते. प्रतापचा परवाना मूळ पुण्याचा. इथे नोकरीला आल्या आल्या कंपनीच्या कागदांवर तो इथल्या परवान्याशी बदलून मिळाला, त्यामुळे या देशात त्याची परीक्षा कधी कोणी घेतलीच नव्हती. मृदुला इथेच शिकली आणि तिसऱ्या प्रयत्नात पास झाली. प्रताप तिला त्यावरून अजून चिडवायचा. तरीही 'बी-ई परवाना' या ओळीपुढे त्याने सहा महिन्यांत काही लिहिलं नव्हतं, आणि त्याचं कारण त्याच्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला एका यंत्रापुढे बसवलं होतं. समोर बघत राहायचं आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. तो दाबत राहिला. मग बराच वेळ ठिपका आलाच नाही. यंत्र अडकलं असावं असं त्याला वाटलं, आणि यंत्रांतलाच माणूस असल्यामुळे त्याने तसं सांगितलंही. डॉक्टरांनी कागद फिरवून दाखवला. ठिपके येत होते, डावीकडे. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, आणि डाव्या अंगाची नजर बरीच गेली होती. गेली ती परत येत नाही, उरलेली औषधाने टिकवता येते, डॉक्टर म्हणाले. साधी गाडी तूर्त नियमात बसते, जपून चालवा, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. जड काही ओढायचा विचार असेल तर तो सोडा. आणि घरी सांगा.

त्याने घरी सांगितलं नाही. थेंबांची बाटली फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे ठेवली आणि स्क्रीनमुळे डोळे कोरडे पडतात म्हणाला. सांगितलं की मृदुला सगळा बेत त्याच दिवशी गुंडाळणार, डॉक्टरांच्या पाठी लागणार, आणि आपण घरातले पेशंट होऊन खुर्चीत बसणार, याची त्याला भीती वाटत होती. न सांगावं तर एक दिवस बायकोला शेजारी बसवून पावणेपाच टन घाटात न्यावे लागणार, याची तर जास्तच. तेव्हा तो मधली वाट चालत होता. दर पंधरवड्याला कॅम्पर पाहायचा आणि त्यात खोट काढायची. एकाचं छत ओल धरलेलं निघालं, एकाचा पलंग चार बोटं आखूड. नाचता येईना अंगण वाकडं, असं कोणी तोंडावर म्हटलं असतं तर त्याने मान खाली घातली असती. पण म्हणत कोणी नव्हतं.

"आत चल," मृदुला म्हणाली.

आत ओट्याजवळ उभं राहून तिने खिडकी उघडली, मिटली. प्रतापने कोपऱ्यांतून ओल मोजायचं यंत्र फिरवलं. काटा जागचा हलला नाही.

"दोन पायऱ्या चढून झोपायचं. तुझा गुडघा?" तो म्हणाला.

मृदुला पायऱ्या चढली, पलंगाच्या कडेला बसली, उतरली. "घरी बारा चढते मी."

"गॅसचा कप्पा लहान आहे."

"लहान सिलिंडर घेऊ."

"पिकअपच्या हौद्यावर तीनशे किलो येणार. मागचे स्प्रिंग—"

"ते गेल्या आठवड्यात तूच तपासलंस. हौदा सातशे सोसतो. हिरव्या रंगात आहे तक्त्यात."

तिने तक्ता इतक्या बारकाईने वाचला असेल असं त्याला वाटलं नव्हतं. बाहेर कॅम्परसोबत विकायची ती पिकअपही उभी होती, चार दारांची, हौद्यात जोडणीची लोखंडी ताटली आधीच बसवलेली. दोन्ही गाड्या एकाच माणसाच्या होत्या, तो आता म्हातारा झाला म्हणून विकतोय, असं हेन्कने फोनवर सांगितलं होतं. प्रताप पलंगावर आडवा होऊन पाहत होता. पाय पुरले. वरच्या काचेतून ढग सरकताना दिसत होते. हा कॅम्पर त्याला अगदी मनापासून आवडला होता.

बाहेर आल्यावर हेन्कने मग खिडकीत ठेवला आणि न विचारता कामाला लागला. त्याने पिकअप उलटी आणली, मानेखाली सरकवली, आणि खट् असा जाड आवाज होऊन दोन्ही एक झाल्या.

"एक चक्कर मारून या," तो इंग्रजीत म्हणाला. "मागचा रस्ता शनिवारी रिकामा असतो. मी मागच्या सीटवर बसतो. कोण चालवणार? फक्त परवाना दाखवा."

प्रतापला एकदम हायसं वाटलं. खोट शोधायचीही गरज नव्हती, ती खिशातच होती.

"माझ्याकडे बी-ई नाही," तो म्हणाला. "परीक्षा द्यायची आहे अजून. तेव्हा आज काही जमणार नाही. पुढे कधीतरी—"

"मी चालवते," मृदुला म्हणाली.

तिने पर्स उघडली, परवाना काढला आणि हेन्कच्या हातात दिला. हेन्कने तो उलटा करून मागचा तक्ता चष्मा वर करून वाचला.

"मार्चमध्येच? अभिनंदन. पहिल्या झटक्यात?"

"दुसऱ्यांदा. पहिल्यांदा रिव्हर्सला गेले."

हेन्क हसला आणि म्हणाला की रिव्हर्सला सगळेच जातात. प्रतापने परवान्यासाठी हात पुढे केला. हेन्कने तो दिला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांच्या ओळी होत्या, आणि बी-ईच्या पुढे तारीख होती. त्याने ती तारीख दोनदा वाचली. हिवाळाभर मृदुला दर मंगळवारी डच संभाषणाच्या वर्गाला जात होती. तिचं डच होतं तिथेच राहिलं याचं त्याला मध्ये एकदा नवल वाटलं होतं, पण तसं बोलून दाखवायचं धाडस त्याने केलं नव्हतं.

"चढ," ती म्हणाली. "उजवीकडून."

इथे चालक डावीकडे बसतो, म्हणून तो वळसा घालून उजवीकडे गेला, पायरीवर पाय ठेवून वर चढला आणि पट्टा लावला. हेन्क मागे बसून दार ओढत होता. त्याच्यापुढे मराठीत बोलायला अडचण नव्हती. मृदुलाने सीट पुढे घेतली. आरसे जुळवले.

प्रतापला जानेवारीतला घरचा सत्यनारायण आठवला. पुण्याहून गुरुजी व्हिडिओवर सांगत होते आणि मृदुला त्याच्या डाव्या हाताला पाट मांडून बसली, समई आणि त्याच्या मधे. गुरुजी म्हणाले, वहिनी, पूजेला पत्नी उजवीकडे. त्यावर ही म्हणाली, गुरुजी, माझा गुडघा धरलाय, इथे भिंतीला टेकता येतं. गुरुजींनी आग्रह धरला तरी ती हलली नाही. पाटावर बसून उठायला गुडघ्याला त्रास झाल्याचं मात्र त्याने त्या दिवशी पाहिलं नव्हतं. फिरायला जातानाही ती डावीकडेच असायची, सायकलींच्या बाजूला. तिकडून ऊन येतं, म्हणायची. तेही फेब्रुवारीतल्या ढगाळ हवेत.

"कधीपासून?" प्रतापने विचारलं.

"गणपतीत तू पंचपात्र लवंडलंस. डाव्या हाताशी होतं, पण तुला दिसलंच नव्हतं." तिने किल्ली फिरवली. "तेव्हा नुसता संशय आला. मग फ्रिजमधल्या बाटलीवरचं नाव वाचलं."

गणपती सप्टेंबरात होते. त्याचं त्यालाही तेव्हा माहीत नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. आज सांगणारच होतो, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण आज तो सांगणार नव्हता आणि हे दोघांनाही ठाऊक होतं, तेव्हा त्याने ते मिटलं. त्याला लाज वाटली. आणि त्याहून जास्त, गेल्या सहा महिन्यांत कधी वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं.

"मी म्हटलं, हा रागावेल," मृदुला म्हणाली. "मंगळवारचं खोटं सांगितलं म्हणून."

"तिसऱ्यांदा पास होशील असं वाटलं असतं मला," तो म्हणाला.

"थेंब घातलेस सकाळी?"

"घातले."

"दोन्ही?"

"दोन्ही."

मागून हेन्कने विचारलं, काही अडचण आहे का. मृदुला म्हणाली, नाही, आरसे बघतोय. प्रतापने फोन काढला, तक्ता उघडला, 'बी-ई परवाना' या ओळीपुढच्या रिकाम्या रकान्यात 'मृदुला' असं लिहिलं आणि फोन खिशात ठेवला. समोर काच होती, आवाराचं फाटक होतं, पलीकडे रिकामा रस्ता. डावीकडे ती होती, आणि सरळ बसून ती त्याला दिसत नव्हती. त्याने मान पुरती वळवली. ती डावीकडच्या आरशात मागे काही येतंय का ते पाहत होती.