आठ बोटं कमी

मी मापाचा गज आहे. खोटा आहे. हे आधीच सांगून टाकतो. नंतर जीभ रेटणार नाही.

सत्तावीस साली रत्नागिरीजवळ खाडीकाठी भिकाजी घर बांधायला निघाला. वीस वर्षं गलबतावर काढलेला माणूस. हाताशी थोडकंच. जागा त्याच्या थोरल्या बहिणीची, यमुनाबाईची. मेलेल्या नवऱ्याकडून तिला आलेली. ती तिनं भावाला दिली आणि एकच मागितलं.

"भिक्या, पाय पसरून निजता येईल एवढी खोली दे मला."

यमुनाबाई अंगानं उंच. गावातले बहुतेक पुरुष तिच्या खांद्याशी येत.

"चार हात लांब देतो, आक्का," भिकाजी म्हणाला.

आमच्याकडे घर मालकाच्या हातानं मोजतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. अली गवंड्यानं भिकाजीचा हात सागाच्या पट्टीवर दोनदा ठेवला, पट्टी तोडली, मधोमध खाच पाडली. असा मी झालो. त्या दिवशी खरा होतो.

भिकाजीनं राखेनं जमिनीवर घर आखलं. पुढे ओटी, तिला लागून यमुनाबाईची खोली, मागे माजघर आणि चूल. आठ हात ओटी बघून अली हसला.

"शेट, ओटीवर वरात उतरवणार काय? सहा हात करा. चिरे मागं पुरायचे नायत."

"माझ्या ओटीवर चार माणसं बसतील. तू चिरे रच."

ओटी पुरी झाली आणि चिरे कमी पडले. ओटी मोडावी तर गावानं पाहिलेली. खोली लहान करावी तर बहिणीला शब्द दिलेला. दुपारी अली जेवायला गेला, तेव्हा भिकाजीनं करवत घेतली आणि माझ्या एका टोकाची चार बोटं कापली. ताज्या कापाला चिखल फासला.

"गज हलका लागतो," अली परत आल्यावर म्हणाला.

"उन्हानं वाळला."

दोन गज, म्हणजे चार हात. खोली बरोबर भरली. कमी होती आठ बोटं. मी गप्प राहिलो. लाकडाला तोंड नसतं, असं स्वतःला सांगत आलो. पण खरं सांगणं, मापाला एवढंच तर काम असतं.

यमुनाबाई त्या खोलीत सात वर्षं गुडघे पोटाशी घेऊन निजली. तिरकं व्हावं तर पेटीची अडचण. आणि ओटीवर पान खाणाऱ्यांना भिकाजी मला दाखवून सांगे, "माझ्या हातानं मोजलंय घर."

चौतीस साली तिला ताप भरला. भिकाजीची बायको सगुणा पाय चेपायला बसली.

"वन्सं, पाय सरळ करा."

"कुठं करू गो? भिंतीत?"

सगुणानं मला आणून खोली मोजली. "चार हात तर भरतायत!"

"गज भरतो, मी नाय भरत. तुझ्या घोवाचा हात ठेवून बघ त्याच्यावर."

भिकाजी दारातच होता. सगुणानं त्याचा हात धरून माझ्यावर टेकवला. कोपर खाचेवर. बोटं माझ्या टोकाबाहेर राहिली.

भिकाजीनं हात काढून घेतला.

"तुला ठाऊक होतं, आक्का?"

"वास्तुशांतीच्या दिवसापासून. बाहेर पंगत बसलेली. धाकट्या भावाला चारचौघांत काय बोलायचं?"



ताप उतरल्यावर भिकाजीनं अलीला बोलावलं. "ही भिंत पाड. ओटीत सरकव."

"ओटी लहान होईल की, शेट."

"होऊ दे. गज मी कापला होता."

अलीनं त्याच्याकडे बघितलं. "तरी म्हटलं, साग एवढा वाळतो कसा!"

भिंत पाडून झाली, तसं सवयीनं त्यानं मला उचललं.

"तो नको," भिकाजी म्हणाला. त्यानं भुईवर चटई टाकली. "आक्का, ये. आडवी हो."

"उघड्यावर? लोक बघतायत रे, भिक्या."

"बघू देत."

यमुनाबाई आडवी झाली. आधी गुडघे सवयीनं वर आले. मग तिनं पाय लांब केले. भिकाजी गुडघ्यांवर बसला आणि तिच्या टाचांपुढे वीतभर सोडून त्यानं चुन्याची रेघ ओढली. भिंत तिथं उभी राहिली.

मी आता गोठ्यात असतो. सगुणा माझ्यानं गाय हाकते. त्या कामात खोटं करता येत नाही, म्हणून ते मला बरं वाटतं. तुम्ही कधी आलात आणि मधली खाच बघून मला उचलावंसं वाटलं, तर हात जोडून सांगतो, मला मापाला नेऊ नका.