उकळता रस्सा

प्रयोगशाळेत मी चिमणाबाईंच्या खानावळीतल्या पिशव्या दहा दिवस कोमट तेलात ठेवल्या होत्या. प्लास्टिकमधलं फारसं काही तेलात उतरलं नाही, म्हणून पिशव्या सुरक्षित असल्याचा दाखला दिला. आज दमून पार्सल घ्यायला गेलो, तर बाई त्याच पिशव्यांत उकळता तांबडा रस्सा ओतत होत्या. किती गरम भरता, हे मी विचारलंच नव्हतं. दाखला भिंतीवर फ्रेममध्ये होता.

“बाई, तो उतरवा. चूक माझी. उकळत्या रश्शाला तो चालत नाही.”

“आता सांगताय व्हय, सर? गार रस्सा कोण न्हेतंय?”

बाईंनी फ्रेम उतरवली आणि त्या पार्सलच्या रांगेवर ओरडल्या, “पावणं, उद्यापास्नं घरनं डबा आणायचा! सरांनी सांगितलंय!”

सगळे माझ्याकडे वळले. माझ्याही हातात डबा नव्हता.