बाद बरणी

माझ्या लाल कोळंब्यांत तपकिरी निघायला लागल्या तेव्हा पहिला संशय मी दुकानदारावर घेतला. संशय घेणं हा माझा स्वभावच आहे आणि तो मी कधी लपवला नाही. भाजीवाला गोड हसला की मी त्याच्या तराजूकडे बघते. बहीण न कळवता भेटायला आली की जाताना ती काय मागणार, याचा मी ती बसल्यापासून विचार करते. आमचे हे म्हणतात, तू पोलिसात हवी होतीस. गुन्हे कमी झाले नसते, पण आरोपी भरपूर मिळाले असते.

कोळंब्या म्हटलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, म्हणून आधीच सांगते, या खायच्या नाहीत. गोड्या पाण्यातल्या, नखाएवढ्या, काचेच्या टाकीत शोभेसाठी पाळायच्या. मागच्या खोलीत लोखंडी मांडणीवर माझ्या तीन टाक्या आहेत. त्या खोलीत डासांचा फवारा मारायचा नाही आणि अत्तर लावून कुणी यायचं नाही. नळाचं पाणी बादलीत शिळं करूनच आत ओतायचं. पालकाचं पान उकडून घालायचं, पण आधी चोळचोळून धुवायचं, कारण पानावर फवारणीचा अंश राहिला तर सकाळी टाकीत मढी. आणि खायला घालायचं ते तासाभरात संपेल एवढंच. उरलं की सडतं आणि पाणी बिघडतं. पोरं वाढवणं सोपं, कोळंब्या वाढवणं कठीण, असं मी म्हणते, आणि परगावी असलेला माझा मुलगा फोनवर म्हणतो, “दिसलंच ते.”

पण खरी गोम रंगात आहे. लाल जोडीचं पिल्लू लालच निघेल याची खात्री नसते. दर विणीत चार-दोन फिकी, मातकट निघतातच. ती वेळीच बाजूला काढली नाहीत तर मोठी होतात, त्यांनाच पिल्लं होतात, आणि काही पिढ्यांत अख्खी टाकी मातकट होऊन बसते. मी वर्षानुवर्षं निवडून निवडून हा रंग आणला होता, पिकल्या मिरचीसारखा, पार पायांपर्यंत भरलेला. आमचं घर सासऱ्यांचं, वरचा मजला दिराचा, हे चालवतात ती बस शाळेची. माझं म्हणावं असं एवढंच होतं. ते डोळ्यांदेखत जात होतं आणि कोण घालवतंय ते कळत नव्हतं, म्हणून माझी चिडचिड चिडचिड होत होती.

माझ्या कोळंब्या विकत घेणारा दुकानदार मला इतकी वर्षं ओळखतो. तो म्हणाला की या खेपेला मालाचा रंग उतरलाय, मागच्याही खेपेला उतरला होता, आणि पुढच्या वेळी असाच माल आला तर तो घेणार नाही. मी त्याला तोंडावर विचारलं की तुझ्याकडच्या फुटकळ कोळंब्या तू माझ्यात मिसळल्यास का. त्याने वाद घातला नाही. खालून मी पाठवलेली पिशवी काढून समोर ठेवली. तिला माझीच गाठ होती, आणि मी मारलेली गाठ मलासुद्धा दातांनी सोडवावी लागते. आत निम्म्या मातकट होत्या.

मग राहिली जाऊ. वर राहणारी, धाकट्या दिराची बायको. ती गोड बोलते, आणि गोड बोलणाऱ्या माणसाचं मला वावडं आहे. त्यात तिने गेल्या वर्षी कुठून तरी निळ्या कोळंब्या आणल्या होत्या. निळी आणि लाल एकत्र आली की पुढे मातकटच होतं, हे तिला मीच शिकवलेलं. ती सारखी खाली यायची, कधी कात्री हवी, कधी मिरच्या. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी मागच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात घातली. कुलूप बघितल्यावर जाऊचं खाली येणं कमी झालं. मला वाटलं, चोर सापडला.

पण पुढच्या दोन विणीही तशाच. कुलपाच्या आत आम्हा दोघांशिवाय कुणी गेलं नव्हतं. मी गेले ती खायला घालायला आणि पाणी बदलायला. हे गेले ते निवड करायला.

निवडीचं काम ह्यांचं. जाळी धरली की माझा हात थरथरतो, आणि लाल आणि लालसर यातला फरक ह्यांच्याच नजरेला कळतो. जन्मभर बस चालवलेला माणूस. दर रविवारी जेवण झालं की हे टाकीसमोर स्टूल टाकून बसायचे आणि नको त्या कोळंब्या एकेक करून बरणीत टाकायचे. तिला आम्ही बाद बरणी म्हणायचो. बाद झालेल्यांना मारायचं नाही, हा माझा नियम, म्हणून ती बरणी वर जायची. जाऊच्या दोन मुलींनी त्यांच्यासाठी वेगळी टाकी मांडली होती.

ती टाकी मी कधी नीट पाहिली नव्हती. बाद झालेल्यांकडे काय बघायचं? पण एका दुपारी सुई-दोरा मागायचं निमित्त करून वर गेले आणि ताकाला जाऊन भांडं लपवत, इकडचं तिकडचं बोलत त्या टाकीपर्यंत पोचले. आत माझ्या लाल कोळंब्या होत्या. एक-दोन नाही, भरगच्च. एका मिशीने आखूड असलेली माझी थोरली मादी तर मी लांबूनच ओळखली. ती मेली असेल म्हणून मी हळहळले होते.

मी जाऊला नको नको ते बोलले. सगळं ऐकून ती शेवटी म्हणाली, “वहिनी, मी एकही उचलून आणलेली नाही. दादा स्वतः बरणी आणून देतात. मी विचारलंसुद्धा, एवढ्या लाल कशा दिल्या? तर म्हणाले, असू दे, तिला सांगू नकोस.”

मी जिना उतरून खाली आले. नवऱ्याने माझ्या निवडक कोळंब्या भावजयीला द्यायच्या आणि वर सांगायचं, तिला सांगू नकोस. आता एकेक गोष्ट आठवायला लागली. हे बरेच दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हते. बोलताना माझ्या कानाकडे बघायचे, नाहीतर माझ्या मागच्या भिंतीकडे. फोनवर काही आलं की फोन घेऊन वर जायचे आणि वाचून झाल्यासारखे खाली यायचे. वर्तमानपत्र उघडत नव्हते. म्हणायचे, रोज तेच असतं. मला सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात जे यायला नको तेच आलं. मी त्या आठवड्यात ह्यांना धड जेवायलासुद्धा वाढलं नाही.

रविवारी मी खोली आवरायच्या निमित्ताने आतच थांबले. ह्यांनी स्टूल ओढलं, जाळी पाण्यात सोडली. पुढच्या काचेशी पालकाच्या पानावर कोळंब्या गोळा झाल्या होत्या. जाळी आली आणि सगळ्यात मोठी, गडद लाल, पोटाखाली अंडी धरलेली मादी उचलून बरणीत गेली. तिच्या शेजारची मातकट तशीच पान खात राहिली. मागोमाग आणखी एक लाल गेली.

“ही का काढली?” मी विचारलं.

“फिकी आहे.”

“आणि ही?” मी मातकटीसमोर काचेवर बोट ठेवलं.

“ही छान आहे. राहू दे.”

खोटं बोलताना ह्यांचा आवाज बारीक होतो, हे मला लग्नापासून माहीत आहे. आवाज बारीक झाला नव्हता. मी स्वयंपाकघरातून पांढरी बशी आणली, तिच्यात थोडं पाणी घातलं, एक लाल सोडली, एक मातकट सोडली आणि ती ह्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, यातली लाल दाखवा.

हे वाकले. कोंबडी दाणा बघते तशी मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. बोट एकीकडे गेलं, थांबलं, दुसरीकडे वळलं आणि बशीच्या काठावर टेकलं. मग माझ्याकडे तोंड केलं आणि नजर पुन्हा माझ्या कानाशी गेली.

“तूच सांग ना,” हे म्हणाले. आता आवाज बारीक झाला होता.

मग सगळं बाहेर आलं. वर्ष होऊन गेलं होतं. दोन्ही डोळ्यांच्या मध्यभागी एक डाग होता. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जायचं, कडेचं तेवढं दिसायचं. रंग त्याच्याही आधी गेले होते, आणि त्यातही लाल आधी, त्यामुळे लाल कोळंबी ह्यांना खरंच फिकी दिसायची. लायसनसाठी डोळे तपासायचे होते तेव्हा रांगेत पुढच्या माणसाने वाचलेली अक्षरं ह्यांनी पाठ करून म्हटली. फोनवर काही आलं की वर जाऊन थोरल्या पुतणीकडून वाचून घ्यायचे. टाकीतून जाळीत येतील त्या पाच-सहा काढायचे, आणि अंडी धरलेल्या मोठ्या माद्या संथ असतात, त्याच यायच्या. जाऊने विचारल्यावर चूक कळली, पण सुधारणार कशी? माझा चेहरा दिसावा म्हणून हे माझ्या कानाकडे बघत होते.

मला रडू आलं आणि रागही आला. विचारलं, मग निवड करत का राहिलात, जमत नाही म्हणायचं होतं.

“तुला?” हे म्हणाले. “एका रविवारी नाही म्हटलं असतं तर तू सोडलं असतंस? दुसऱ्या दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरसमोर बसवलं असतंस. आणि त्याने मला बसवरून उतरवलं असतं.”

मी दुकानदाराकडे गाठ तपासली, जाऊसाठी कुलूप घातलं, स्वतःच्या संसारावर चिखल उडवला. साप साप म्हणून भुई धोपटत बसले, आणि रोज सकाळी मीच ह्यांच्या हातात डबा देऊन बसभर पोरांना न्यायला पाठवत होते.

निवृत्तीला वर्षच राहिलंय, असं हे म्हणाले. रस्ता पाठ आहे, गाडीला आजवर ओरखडा नाही, कडेचं सगळं दिसतं. “कुणाला सांगू नकोस. एवढं वर्ष निघू दे.”

“रस्ता पाठ असेल,” मी म्हटलं. “पण पोर आडवं आलं तर?”

बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी असते आणि तिची किल्ली आमच्या खुंटीवर. मी ती काढली. आवाज ह्यांना बरोबर ऐकू आला. “घेतलीस?” एवढंच विचारलं, आणि मी हो म्हटलं.

शाळेला कळवायचं होतं. पण त्याआधी मी वर गेले, कारण जाऊच्या दोन्ही मुली त्याच बसने जातात. जाऊने दार उघडलं, मला बघून आत गेली आणि भरलेली बरणी घेऊन आली. लाल सगळ्या काढून ठेवल्यात, म्हणाली, पारखून घ्या. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मी तिची माफी मागायला हवी होती, पण आधी दुसरंच तोंडातून निघालं.

“उद्या मुलींना बसने पाठवू नकोस. ह्यांना दिसत नाही. मध्यभागी काहीच दिसत नाही, आणि रंगही कळत नाहीत.”

जाऊला काही उमजेना. तिची धाकटी मात्र अभ्यास टाकून तरातरा दारात आली.

“पण काकू, उद्या माझा नंबर आहे.”

“कसला नंबर?” जाऊने विचारलं.

“पुढे बसायचा. रोज एकाचा असतो. सिग्नल आला की काका विचारतात, सांगा बघू, कोणता लागलाय? ज्याचा नंबर असेल त्याने ओरडायचं. लाल म्हटलं की काका थांबतात.” ती खूप खुशीत सांगत होती. “मी एकदाही चुकले नाही. ताई एकदा चुकली होती.”

थोरली आतल्या दाराशी उभी होती. माझी नजर जाताच ती आत वळली.